आकड्यांच्या यादीतले आउटलायर कसे ओळखायचे: नवशिक्यांसाठी पायरी-पायरीने

एका सभासदाने गावातल्या डेअरीला सलग पंधरा दिवस सकाळी घातलेलं दूध, लिटरमध्ये:

८.५, ८.२, ८.८, ८.४, ९.०, ८.६, ८.३, ८४, ८.७, ८.१, ८.९, ८.५, ५.२, ८.६, ८.४

यादी सरावासाठी बनवलेली आहे, पण अशा नोंदी कुठल्याही संकलन केंद्राच्या रजिस्टरात सापडतील. ८४ लगेच खुपतो, कारण आकडे पंधराच आहेत. तीनशे सभासद, सकाळ-संध्याकाळ अशा दोन वेळा आणि वर्षभराचं रजिस्टर घेतलं तर नोंदी दोन लाखांच्या वर जातात. तिथे नजर फिरवून काही हाती लागत नाही. मग सगळ्या यादीचं रूप सांगणारे मोजके आकडे काढायचे (सर्वांत लहान, सर्वांत मोठा, सरासरी, मध्यक, चतुर्थक, प्रमाण विचलन) आणि त्यांच्या मदतीने इतरांपासून फार दूर पडलेल्या नोंदी हुडकायच्या. या दूर पडलेल्या नोंदींना आउटलायर म्हणतात.

पुढचं सगळं वही-पेनाने करता येतं आणि एक्सेल किंवा गूगल शीट्समध्येही. पहिल्यांदा करत असाल तर या पंधरा आकड्यांवर हाताने करून बघा. फंक्शन काय करतं ते एकदा हाताखालून गेलं की नंतर उत्तर चुकलं तर लगेच कळतं.

पहिली पायरी: मोजणी, सर्वांत लहान, सर्वांत मोठा

नोंदी किती आहेत ते आधी मोजा. पंधरा दिवसांच्या पंधरा हव्यात. सोळा आल्या तर एखादा दिवस दोनदा चढला आहे, चौदा आल्या तर एक राहिला आहे. एक्सेलमध्ये काउंट हे फंक्शन फक्त आकडे मोजतं, तर काउंटए रिकामे नसलेले सगळे सेल मोजतं. दोघांची उत्तरं वेगळी आली तर काही आकडे मजकूर म्हणून साठवले गेले आहेत. कुणीतरी सेलमध्ये ‘८.५ लि.’ असं लिहिलेलं असतं, किंवा दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम पडलेला असतो. अशी नोंद सरासरीत धरलीच जात नाही आणि कुठे इशाराही मिळत नाही. म्हणून ही तपासणी सगळ्यांत आधी.

मग सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा बघा. आपल्या यादीत ते ५.२ आणि ८४ आहेत. इथे गणितापेक्षा त्या कामाची माहिती उपयोगी पडते. एका वेळेला आठ-साडेआठ लिटर दूध घालणाऱ्याकडे एकाच सकाळी ८४ लिटर आलं कुठून? उंचीच्या यादीत ऋण संख्या, टक्केवारीत १०४, तापमानात ९९९ असं काही दिसलं तरी पुढच्या गणिताची वाट बघायची गरज नाही. ९९९ किंवा -९९ हे बहुधा ‘मोजमाप नाही’ अशा अर्थाने टाकलेले खुणेचे आकडे असतात. ते आधी रिकामे करा.

शून्याकडे वेगळं लक्ष द्या. सभासदाने त्या दिवशी दूध घातलंच नाही म्हणून शून्य आहे, की दूध घातलं पण नोंदवायचं राहिलं म्हणून? या दोन शून्यांची सरमिसळ झाली की पुढचं सगळंच बिघडतं.

दुसरी पायरी: सरासरी आणि मध्यक शेजारी-शेजारी

पंधरा आकड्यांची बेरीज २००.२, म्हणून सरासरी १३.३५. आता आकडे चढत्या क्रमाने लावा:

५.२, ८.१, ८.२, ८.३, ८.४, ८.४, ८.५, ८.५, ८.६, ८.६, ८.७, ८.८, ८.९, ९.०, ८४

बरोबर मधला, म्हणजे आठवा आकडा ८.५. हा मध्यक. (नोंदींची संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी घ्यायची.)

सरासरी १३.३५ आणि मध्यक ८.५. पंधरापैकी चौदा दिवस या माणसाने ‘सरासरी’पेक्षा कमी दूध घातलं आहे. एकट्या ८४ ने सरासरी ओढून नेली आणि मध्यक जागचा हलला नाही. ८४ च्या जागी ८४० असता तरी मध्यक ८.५ च राहिला असता.

या दोघांतलं अंतर हा पहिला इशारा. पण अंतर दिसलं म्हणजे आउटलायर आहेच असं नाही. उत्पन्न, जमीनधारणा, घरांच्या किमती यांत सरासरी मध्यकापेक्षा मोठीच असते, कारण थोड्या लोकांकडे खूप असतं. आणि उलट, एक आकडा फार वर आणि एक फार खाली असेल तर सरासरी मधोमध राहून दोघांनाही झाकते.

तिसरी पायरी: चतुर्थक आणि कुंपण

माझ्या मते नवशिक्याने सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा.

चढत्या यादीत मध्यकाच्या डावीकडे सात आकडे आहेत: ५.२, ८.१, ८.२, ८.३, ८.४, ८.४, ८.५. त्यांचा मधला ८.३. हा पहिला चतुर्थक. उजवीकडच्या सातांचा (८.६, ८.६, ८.७, ८.८, ८.९, ९.०, ८४) मधला ८.८. हा तिसरा चतुर्थक. यादीतले साधारण निम्मे आकडे या दोघांच्या दरम्यान असतात. दोघांतला फरक ८.८ − ८.३ = ०.५. याला आंतरचतुर्थक विस्तार म्हणतात. नेहमीच्या दिवशी दूध किती वर-खाली होतं याचा हा अंदाज, आणि त्यात ८४ ची ढवळाढवळ नाही.

आता या विस्ताराची दीडपट करा: ०.७५. पहिल्या चतुर्थकातून ती वजा करा, तिसऱ्यात मिळवा:

खालचं कुंपण: ८.३ − ०.७५ = ७.५५
वरचं कुंपण: ८.८ + ०.७५ = ९.५५

कुंपणाबाहेर दोन आकडे आहेत, ८४ आणि ५.२. बाकी तेरा आत.

दीडपटीचा हा नियम अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी १९७० च्या दशकात रूढ केला. बॉक्स प्लॉट नावाच्या आलेखात पेटीच्या बाहेर सुटे ठिपके दिसतात, ते याच नियमाने काढलेले असतात. दीडच का, याला कुठला सिद्धांत नाही, तो सोयीचा संकेत आहे. आकडे घंटाकृती, म्हणजे मध्याभोवती दोन्हीकडे सारखे पसरलेले असतील तर या नियमाने हजारात साधारण सात निर्दोष आकडेही बाहेर पडतात. दोन लाख नोंदींत ते चौदाशे होतात, तेव्हा यादी आली म्हणून घाबरून जाऊ नका. फक्त अतिदूरचे हवे असतील तर दीडऐवजी तीनपट घ्या. आपल्या उदाहरणात तीनपटीने कुंपणं ६.८ आणि १०.३ वर येतात. दोन्ही आकडे तरीही बाहेरच.

चतुर्थक काढायच्या एकाहून अधिक रीती आहेत. एक्सेलचं क्वार्टाइल डॉट इंक हे फंक्शन याच यादीत ८.३५ आणि ८.७५ देतं, तर क्वार्टाइल डॉट एक्स्क आपल्या हाताच्या हिशोबाप्रमाणे ८.३ आणि ८.८ देतं. पहिल्या रीतीने कुंपणं ७.७५ आणि ९.३५ होतात. निकाल इथे बदलत नाही, पण छोट्या यादीत कुंपणाच्या काठावरचा आकडा एका रीतीने आत आणि दुसरीने बाहेर जाऊ शकतो. रीत कोणतीही घ्या, मात्र सगळ्या सभासदांना तीच लावा आणि कुठली घेतली ते लिहून ठेवा.

चौथी पायरी: प्रमाण विचलन, आणि ते मागे का ठेवायचं

बऱ्याच ठिकाणी पहिल्यांदा हेच शिकवतात: सरासरी काढा, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरले आहेत याचं माप) काढा, आणि सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपेक्षा लांब असलेला आकडा संशयित धरा. घंटाकृती आकड्यांत दहा हजारात साधारण २७ आकडेच एवढ्या लांब असतात, म्हणून नियम वाजवी वाटतो.

आपल्या यादीवर लावून बघू. सरासरी १३.३५, प्रमाण विचलन १९.५७. ८४ चं सरासरीपासूनचं अंतर ७०.६५, म्हणजे ३.६१ प्रमाण विचलनं. सापडला. आता ५.२ बघा. अंतर ८.१५, म्हणजे जेमतेम ०.४२ प्रमाण विचलन. नियम म्हणतो, यात काहीच वावगं नाही. आठ-साडेआठ लिटरचा सभासद एक दिवस पाच लिटरवर आला, तरी या मापाला त्याचा पत्ता नाही.

याचं कारण मापातच आहे. ज्या आकड्याचा शोध घ्यायचा, तोच सरासरी आणि प्रमाण विचलन फुगवून बसलेला आहे. ८४ मुळे मोजपट्टीच एवढी ताणली गेली की ५.२ त्यामागे लपला. आता ८४ च्या जागी ८.४ ठेवून तेच पुन्हा करा: सरासरी ८.३१, प्रमाण विचलन ०.८९, आणि ५.२ एकदम ३.४७ विचलनं खाली. आता सापडतो. म्हणून ही रीत वापरायचीच असेल तर एक आउटलायर निकालात काढल्यावर सगळं पुन्हा मोजा, आणि नवीन काही निघेनासं होईपर्यंत मोजत राहा.

छोट्या यादीत तर ती चालतच नाही. नोंदी दहा किंवा त्याहून कमी असतील तर कोणताही आकडा सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही. दहा नोंदींत कमाल मर्यादा ९ भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण २.८५. त्या दहांत एक आकडा दहा लाख असला तरी. दूध बिल अनेक ठिकाणी दहा दिवसांचं निघतं. एका सभासदाच्या दहा सकाळी घेऊन कुणी हा नियम लावत असेल तर त्याला आउटलायर कधीच मिळणार नाहीत, आणि नोंदी स्वच्छ आहेत असं तो समजून चालेल. ही चूक मला फार धोकादायक वाटते, कारण ती समाधान देऊन जाते.

प्रमाण विचलनासारखंच माप हवं पण ही खोट नको, तर मध्यकावर आधारलेलं माप घ्या. प्रत्येक आकड्याचं मध्यकापासूनचं अंतर काढायचं, चिन्ह सोडून द्यायचं, आणि त्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढायचा. आपल्या यादीत तो ०.२ येतो. मग एखाद्या आकड्याच्या अंतराला ०.६७४५ ने गुणून या ०.२ ने भागायचं. उत्तर ३.५ च्या वर गेलं तर आकडा संशयित. ५.२ साठी उत्तर ११.१, ८४ साठी २५४ च्या वर, आणि ९.० साठी १.७. दोघं एकाच फेरीत सापडले आणि तिसऱ्यावर नाहक आळ आला नाही. फक्त निम्म्याहून जास्त आकडे अगदी सारखे असतील तर हा मध्यक शून्य होतो आणि भागाकार अडतो. तिथे ही रीत सोडा.

नियम लावण्याआधी गट पाडा

एकाच केंद्रावर गायीचं आणि म्हशीचं दूध येतं. गायीच्या दुधाचा फॅट साडेतीन-चारच्या आसपास, म्हशीचा सहा-सातच्या घरात. सगळे फॅट एका रकान्यात घालून कुंपण टाकलं आणि केंद्रावर गायी जास्त असतील, तर म्हशीचं चांगलं दूध आउटलायर म्हणून पुढे येईल. निम्मे-निम्मे असतील तर विस्तार एवढा मोठा होईल की गायीच्या दुधाला लागलेला ६ फॅटही बिनबोभाट खपून जाईल. गायीचं वेगळं, म्हशीचं वेगळं, सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं, असं आधी पाडून घ्या. दुधाच्या लिटरांना तर प्रत्येक सभासदाचं स्वतःचंच कुंपण हवं. एकाला ८४ लिटर अशक्य, तर पंधरा-वीस संकरित गायींच्या गोठ्याला ते रोजचं.

दोन रकाने जोडीने बघायचीही सवय लावा. फॅट म्हशीचा आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) गायीच्याही खालचा, अशी नोंद आली तर दोन्ही आकडे आपापल्या रकान्यात कुंपणाच्या आत असूनही जोडी विचित्र आहे. अशा एकत्रित अंतराचं गणित भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलं आणि जगभर ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. सुरुवातीला मात्र दोन रकान्यांचा ठिपक्यांचा आलेख काढला तरी पुरतं. घोळक्याबाहेरचा ठिपका लगेच दिसतो.

ज्या आकड्यांत शून्यांची गर्दी असते तिथे चतुर्थकही उपयोगाचे नाहीत. मराठवाड्यातल्या एखाद्या ठिकाणचा वर्षभराचा रोजचा पाऊस घ्या. बहुतेक दिवस कोरडे, त्यामुळे पहिला चतुर्थक शून्य, तिसराही शून्य, विस्तार शून्य, आणि दोन्ही कुंपणं शून्यावर. पाऊस पडलेला प्रत्येक दिवस आउटलायर! इथे फक्त पावसाचे दिवस वेगळे काढून त्यांनाच नियम लावायचा. तेही एका बाजूला लांब शेपूट असलेले असतात, म्हणून आकड्यांचा लॉग (लॉगरिदम, ज्याने मोठ्या आकड्यांतलं अंतर आक्रसतं) घेऊन कुंपण टाकलं तर निकाल जास्त शहाणा येतो.

आणखी एक गोष्ट, जी कुंपण कधीच पकडत नाही. राज्यात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. एखाद्या सभासदाचा फॅट रोज न चुकता ३.५ च दिसत असेल तर एकही आकडा बाहेर पडणार नाही. पण गाय रोज दशांशापर्यंत तेवढाच फॅट देत नाही. प्रमाण विचलन शून्याच्या जवळ आलं तरी तिथे थांबून बघायला हवं, कारण तो आकडा मशीनवरून न येता हाताने भरला गेला असण्याची शक्यता आहे.

मूळ नोंदीकडे परत

सूत्राने फक्त बोट दाखवलं. तो आकडा चूक आहे की खरा, हे रजिस्टर, पावती, वजनकाटा आणि माणूस यांनाच विचारावं लागतं.

८४ साठी त्या दिवसाची पावती काढा. पावतीवर ८.४ असेल तर टायपिंगमध्ये टिंब राहिलं, दुरुस्त करा. पावती मिळत नसेल तर ‘८.४ च असणार’ म्हणून भरून टाकू नका, नोंद रिकामी ठेवा आणि कारण लिहा. त्या सभासदाचं बिल याच आकड्यावर निघणार आहे.

५.२ साठी पावतीवरही ५.२ च निघालं तर सभासदालाच विचारा. गाय माजावर आली असेल, वासरू सुटून पिऊन गेलं असेल, कासेला सूज असेल. यातलं काहीही असलं तरी ५.२ ही खरी नोंद आहे आणि ती तशीच राहायला हवी. कासदाहाची सुरुवात असेल तर याच आकड्यामुळे डॉक्टरला वेळेत बोलावता येतं. साफसफाईच्या नावाखाली तो पुसला तर यादीतला सगळ्यांत कामाचा आकडा गेला.

खऱ्या आउटलायरचं महाराष्ट्राला ठाऊक असलेलं मोठं उदाहरण २६ जुलै २००५ चं. त्या २४ तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७३ च्या आसपास. कुठलंही कुंपण घाला, ९४४ बाहेरच पडतो. शेजारच्या केंद्राशी ताडून बघण्याची पद्धत लावली तर संशय आणखी वाढतो. तरीही तो आकडा खरा होता, मिठी नदीला आलेला पूर त्याचा साक्षीदार होता. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेली होती आणि ती ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याच्या कामाला त्यानंतर जोर आला. तो दिवस ‘मोजमापातली चूक’ म्हणून गाळणारा कुणीही पुढची आखणी चुकीच्या पावसावर करून बसला असता. शेजारचं केंद्र, आदला-नंतरचा दिवस, त्या दिवशी प्रत्यक्ष काय घडलं, हे सगळं पाहिल्याशिवाय टोकाच्या आकड्याला हात लावायचा नाही.

कामाची शेवटची शिस्त

मूळ रकाना कधीही बदलू नका. शेजारी तीन रकाने जोडा: ‘संशयित’, ‘दुरुस्त आकडा’ आणि ‘शेरा’. संशयितमध्ये कुठल्या नियमाने बाहेर पडला ते (‘दीडपट कुंपण, वर’), शेऱ्यात पडताळणी कुणी केली, कोणता कागद पाहिला आणि निर्णय काय झाला. पुढचा हिशोब दुरुस्त रकान्यावर चालवा.

निर्णय होत नसेल, पावतीही नाही आणि माणूसही आठवत नाही म्हणतो, तर निष्कर्ष दोनदा काढा, तो आकडा धरून आणि वगळून. सरासरी ८.३१ ची ८.५३ झाली, एवढाच फरक पडत असेल तर तसं लिहून पुढे जा. निष्कर्षच उलटत असेल तर दोन्ही उत्तरं अहवालात द्या आणि कोणत्या तारखेच्या, कोणत्या नोंदीमुळे ती वेगळी येतात तेही नमूद करा.